शेवटच्या ओळीतली ओ

१

आमच्या तांड्यात कापूस वेचताना हाक फिरवायची रीत पडली ती वाघामुळं. बोंडअळीनं अर्धा कापूस खाल्ला तो हंगाम. राळेगावच्या बाजूला वाघानं माणसं मारली होती, आणि पऱ्हाटी, म्हणजे कापसाची झाडं, छातीला लागली की ओळीत वाकलेली बाई दोन पावलांवरूनही दिसत नाही. म्हणून माझी आई रुपीबाई थोड्या थोड्या वेळानं उभी राहायची आणि एकेकीचं नाव घ्यायची. जिचं नाव आलं तिनं 'ओ' म्हणायचं. सगळ्यांची ओ आली की याडी पुन्हा वाकायची. आम्ही बंजारे आईला याडी म्हणतो.

ओ आली म्हणजे माणूस जागेवर आहे. मान वर करून बघायची गरज नाही, आणि वेचणीत मान वर करायला सवड तरी कोणाला असते?

माझं नाव सगळ्यात शेवटी यायचं. बायका कमरेला बांधलेल्या ओटीत कापूस गोळा करायच्या. ओट्या भरल्या की त्या बैलबंडीत रिकाम्या करायचं काम माझं. मी आठवीत शाळा सोडली. चार माणसांत बोलायचं म्हटलं की माझा घसा बसतो, त्यामुळं माझी ओ कशीबशीच निघायची आणि बायका हसायच्या. सगळ्यात जास्त हसायची माझी मोठी बहीण बबिता.

एके दिवशी दुपारी याडीनं हाक फिरवली. शेवटी "राजकुमार!" आलं, मी ओ दिली, आणि माझ्यानंतर आणखी एक ओ आली.

बारीक, कोरडी. धुऱ्याकडच्या, बांधालगतच्या शेवटच्या ओळीतून. त्या ओळीत कोणी नव्हतं.

"अगं माय वं," बबिता ओरडली, "राज्याच्या 'ओ'ले पोरगं झालं!"

सगळ्या हसल्या. मीही हसलो. टेकडीवरून आवाज परत आला असेल, असं मला वाटलं. पण टेकडी पलीकडच्या अंगाला आहे, आणि टेकडीनं आधी कधी उत्तर दिलं नव्हतं.

२

त्याच्या थोडं आधी, दसऱ्याच्या सुमाराला, संध्याकाळी तुरीच्या शेतावर एक उजेड दिसला होता. सगळ्या तांड्यानं पाहिला. गोल नव्हता, लांब नव्हता. त्याच्याकडं बघितलं की तो नेमका कुठं आहे ते कळत नव्हतं, बाजूला बघितलं की स्पष्ट दिसायचा. फुगा असेल, हवामानवाले सोडतात, असं तांड्याचे प्रमुख, आमचे नायक फुलसिंग म्हणाले, आणि विषय संपला.

यवतमाळच्या नंदकिशोर पांगारकरांचा मात्र संपला नाही. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, पांढरा सदरा, मोटारसायकलच्या डिकीत दुर्बीण. वीस-पंचवीस वर्षं ते उडत्या तबकड्यांच्या मागावर होते. कुठं उजेड दिसला कळलं की तिथं जायचे आणि लोकांना विचारायचे. ओसरीवर बसून त्यांनी याडीला उजेडाचा रंग विचारला, उंची विचारली, बैल बुजले का विचारलं.

"आवाज होता का, माउली?"

"नाई बाप्पा. उलट मंग सारे रातकिडेच बंद झालते."

ते एवढे खूश झाले की त्यांनी दुसरा चहा मागितला. बबिता चुलीतलं लाकूड सारता सारता माझ्या कानात म्हणाली, "याच्या घरी लगन हाये का बे? असा कायले नाचून राह्यला?"

३

ते गेले आणि काही दिवसांनी पांढरी गाडी आली. नंबरच्या पाटीवर आकड्यांच्या आधी वर तोंड केलेला बाण. फौजेच्या गाडीला असा बाण असतो हे मला माहीत होतं, माझा चुलतभाऊ फौजेत आहे. पण उतरलेली माणसं साध्या कपड्यांत होती. त्यातल्या तरुणानं हात जोडले. नाव साकेत. पुण्याकडची बोली, नरम आवाज.

आम्ही शेतात खांब लावणार आहोत, तो म्हणाला. खांबावरच्या पेटीतून माणसांचे आवाज येतील, वाघ लांब राहील. फुकट.

फुकट म्हटल्यावर फुलसिंग नायक पुढं झाले. माणसं मरत असताना पहिल्यांदाच कोणीतरी स्वतःहून आलं होतं. आम्ही त्यांना ऊस दिला, चहा दिला.

सगळ्यांचे आवाज त्यांनी घेतले. एकेकाला गाडीत बसवायचं, काचा वर करायच्या आणि पुन्हा पुन्हा ओ म्हणायला लावायचं. दमल्यावर कशी म्हणता, रागात कशी म्हणता, लांबून कशी. बबिता बाहेर आली ती डोळे पुसत, हसून हसून.

"मले म्हणते, नवऱ्याने हाक मारली तर कशी ओ द्याल. म्या म्हटलं, आधी नवरा तं आणा!"

तेव्हा एक गोष्ट मला खटकली होती. शेतात पाय ठेवला की ती माणसं बोलायची बंद व्हायची. खांब रोवताना, तारा ओढताना, सगळं हातांच्या खुणांनी. एकाच्या पायावर पहार पडली, नख काळंनिळं झालं, त्यानं स्वतःच्या मनगटाला चावा घेतला पण तोंडातून शब्द काढला नाही. गाडीचं दार बंद झाल्यावर आतून त्याचं ओरडणं ऐकू आलं.

मोठ्या लोकांच्या कामाची पद्धत असेल, असं मी समजलो.

त्यानंतर शेवटच्या ओळीतली ओ रोज येऊ लागली. आता तिचं कोणाला काही वाटत नव्हतं. खांब बोलतो, सगळ्या म्हणायच्या. मी पण स्वतःला तेच सांगायचो. पण पहिली ओ आली तेव्हा खांब नव्हते, हे कुसळासारखं टोचत राहायचं. खांबापाशी जाऊन मी कान लावायचो. आत काही वाजत नसे. आणि ओ तर खांबांकडून येतच नव्हती, ती ओळींतून यायची, वाकलेल्या माणसाच्या तोंडाच्या उंचीवरून. एकदा मी त्या ओळीत चालत गेलो. आत शिरल्यावर माझ्याच पावलांचा आवाज कमी झाला. पऱ्हाटीच्या वाळक्या पानांवर पाय पडत होते आणि चुरा होताना दिसत होता, पण ऐकू काही येत नव्हतं. मी अर्ध्यातून परत फिरलो.

४

बबिताला सर्दी झाली होती. घसा बसला होता, दर शब्दामागं खोकला. मी मुद्दाम सांगतो, कारण पुढं मला हेच पुन्हा पुन्हा विचारलं गेलं.

ऊन चांगलं वर आलं होतं. याडीनं हाक फिरवली.

"बबे!"

"ओ." बसलेल्या घशाची, मागं खोकला.

परत हाक फिरली. परत ओ, परत खोकला. सगळ्यांच्या ओ आल्या. सगळं जागेवर होतं.

भाकरी खायला सगळ्या बंडीपाशी जमल्या तेव्हा बबिता आली नाही. याडीनं तिथूनच हाक मारली, "बबे, ये नं वं, भाकर वाळून राह्यली!"

"ओ."

"ये म्हटलं नं!"

"ओ."

तिसऱ्यांदाही तशीच. तीच ओ, तोच खोकला, खोकल्यानंतर तेवढंच थांबणं. तेव्हा याडीचा चेहरा बदलला आणि आम्ही धावलो.

ओळीच्या शेवटी बबिताची ओटी होती. भरलेली, तोंडाला गाठ मारून जमिनीवर ठेवलेली. शेजारी चपला. रक्त नाही, ओढल्याची खूण नाही, पंजा नाही. पुढं मऊ काळी माती होती आणि तिच्यावर बबिताच्या पायांचे ठसे. चार-पाच पावलं सरळ गेलेले. मग नव्हतेच. शेवटचा ठसा फक्त चवड्याचा होता, उंचावरचं काही घ्यायला माणूस टाचा उचलतो तसा.

याडी तिथं उभी राहून ओरडली, "बबे!"

आमच्या मधूनच, हाताच्या अंतरावरून, रिकाम्या जागेतून बबिता म्हणाली, "ओ."

५

वनखात्याचा गार्ड आला. वाघ नाही म्हणाला. पेपरात मात्र वाघच आला. ठाण्यात हवालदारानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"वय काय पोरीचं? मंग पळाली असन लेका. कोणाशी बोलत होती फोनवर?"

मला बोलता आलं नाही.  तो हसला आणि त्यानं पुढच्या माणसाला बोलावलं. ते हसणं मी विसरलेलो नाही.

आणि साकेत आला. गाडीत बसवून काचा वर केल्या, पाणी दिलं. म्हणाला, "फार वाईट झालं." मग विचारलं, "हाक मारल्यानंतर ओ यायला किती वेळ लागला? रोजच्यापेक्षा लवकर आली का?"

मी म्हटलं, "माही बहीण हरवली."

"हो, कळलं मला. पण ओ. नाव पूर्ण व्हायच्या आधी आली होती का? आणि खोकला? खोकला पहिल्या दिवशी होता, की शिकायला वेळ लागला?"

"कोणाले शिकायले?"

 त्यानं काचेतून शेताकडं पाहिलं, मला खाली उतरवलं आणि तो ड्रायव्हरला चला म्हणाला.

६

नंदकिशोर पांगारकर पेपर वाचून आले. मी त्यांना गाडी, बाण, खांब सगळं सांगितलं. इतकं मी आयुष्यात कोणाशी बोललो नव्हतो. त्यांचे डोळे चमकायला लागले.

"अरे, हीच गाडी! उमरखेडच्या बाजूला उजेड दिसला, मागून हे लोक गेले. तिथं म्हणाले, आवाजाच्या लहरींनी बोंडअळी मारतो. दिग्रसकडं म्हणाले, लहरींनी पाऊस पाडतो. मला वाटायचं हे कोणी वेडपट शोध लावणारे असतील, माझा त्यांचा काय संबंध! उजेड वेगळा, अळीचे खांब वेगळे, फौज वेगळी. आणि हे सगळं एकच आहे! इतकी वर्षं माझ्या डोळ्यांसमोर होतं, राजकुमार, आणि मी जोडून पाहिलं नाही!"

ते ओसरीवर येरझाऱ्या घालत होते. घरात याडी भिंतीकडं तोंड करून पडली होती.

मी विचारलं, "तिथं कोणी हरवलं काय, सर?"

"कुठं?"

"उमरखेडकडं. दिग्रसकडं."

ते थांबले. "ते... मी विचारलं नाही."

"उजेडाचा रंग विचारला."

 ते खाली बसले, फोन काढला आणि उमरखेडकडच्या ओळखीच्या माणसाला लावला. आधी हवापाण्याचं बोलले. मग हळू विचारलं. पलीकडचा माणूस बराच वेळ बोलत होता. फोन खाली ठेवला तेव्हा त्यांच्या ओठांचा रंग गेला होता.

"एक बाई," ते म्हणाले. "कापूस वेचताना. घरचे शेतात जाऊन अजून तिला हाका मारतात."

मी कुऱ्हाड घेतली. ते "अरे थांब, थांब" करत माझ्यामागं आले. पहिला खांब मी बुंध्यातच तोडला. पेटी दगडावर आपटून फोडली. वाघाला पळवणारे माणसांचे आवाज जिथून येणार होते तो कर्णा मला पाहायचा होता.

कर्णा नव्हता. नंदकिशोर सरांनी तारा बाजूला केल्या, चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं.

"यातून आवाज बाहेर येऊच शकत नाही," ते म्हणाले. "हा नुसता माईक आहे. हे फक्त ऐकतं."

दुसरा खांब तोडला. त्यातही तेच.

खांब कधी बोललेच नव्हते. जे बोलत होतं ते खांबांच्या आधीपासून शेतात होतं, गाडीवाल्यांना ते ठाऊक होतं, आणि ते बाहेर बसून ऐकत होते. वाघासाठी बकरं बांधतात, तशा माझ्या तांड्यातल्या बायका बांधल्या होत्या. बकऱ्याच्या मालकाला निदान विचारतात तरी.

गाडी आलीच. खांब पडला की तिकडं कळत असणार. साकेत धुऱ्यापर्यंत पळत आला आणि मी ओरडलो. कधी ओरडलो नव्हतो तसा. आईवरून शिव्या दिल्या, बबिताचं नाव घेतलं, त्याचं नाव घेतलं.

त्याचा चेहरा पांढरा पडला. दोन्ही हात त्यानं तोंडावर धरले, स्वतःच्या. मग मला ओढत गाडीपर्यंत नेलं आणि दार लावलं. 

"शेतात माझं नाव घेऊ नका," तो म्हणाला. "प्लीज. ते नावं शिकतं. नाव घेऊ नका."

"मंग आमाले काहून नाई सांगितलं?"

तो इतका घाबरला होता की खरं बोलला.

"सांगितलं असतं तर तुम्ही हाका मारल्या असत्या का?"

मी त्याला मारलं. नाक फुटलं त्याचं. त्यानं हात वर केला नाही. रक्त गळत असताना तो म्हणाला, "तुमची बहीण उत्तर देते तोपर्यंत तरी... आम्हाला वाटतं ती आहे. कुठंतरी. तुमच्या आईंना मात्र शेतात जाऊ देऊ नका."

आमचं घर शेताला लागूनच आहे; मी काचेतून ओसरीकडं पाहिलं. घराचं दार उघडं होतं.

७

आता मला हाक मारता येत नव्हती. याडीचं नाव शेतात घ्यायचं नव्हतं, मी तोंड उघडायचं नव्हतं. आयुष्यभर ज्या मुकेपणाची मला लाज वाटली, त्या मुकेपणानं मी ओळींतून पळालो. भर दुपार होती. पऱ्हाटी पांढरी फुटली होती. माझे पाय वाजत नव्हते.

याडी शेवटच्या ओळीपाशी उभी होती. कमरेला ओटी बांधलेली.

"बबे, चाल घरी."

"ओ."

"कुठं हायेस वं? हात दे."

"ओ."

दर ओला ती एक पाऊल टाकत होती. मी मागून जाऊन तिचा हात धरला आणि दुसऱ्या हातानं तिचं तोंड दाबलं. ती झटापट करत नव्हती. ती पुढं बघत होती, म्हणून मीही पाहिलं.

ओळीत कापूस वेचला जात होता. बोंडं रिकामी होत होती, एकामागून एक, आमच्याकडं येत. वारा नव्हता, कोणी नव्हतं. एक बोंड डावीकडचं, एक उजवीकडचं. बबिताचा हात असाच चालायचा, आधी डावा. मी ओळखला. याडीनं पण ओळखला, तिच्या गालावरचं पाणी माझ्या बोटांवर आलं. मग डावीकडचं एक, उजवीकडचं एक, आणि त्याच वेळी शेंड्यावरचं आणखी एक, तिसऱ्या हातानं वेचल्यासारखं.

वेचणं थांबलं.

"राजकुमार!"

बबितानं हाक फिरवली होती. ओ न देता, पहिल्यांदाच नाव घेतलं होतं.

मी दात आवळले. श्वास धरला. जीभ टाळूला लावून ठेवली, शपथेवर सांगतो.

"ओ," मी म्हणालो. तिथून. ओळीतून. माझीच ती कशीबशी निघणारी, लाजलेली ओ.

याडीनं मान वळवून माझ्याकडं पाहिलं. माझे बंद ओठ पाहिले. मग ओळीकडं पाहिलं. पुन्हा माझ्याकडं. मी मान हलवत होतो, डोळ्यांनी सांगत होतो, पण बोलून दाखवता येत नव्हतं. आणि तिचा हात माझ्या हातातून निघायला लागला.

मी तिला खांद्यावर टाकलं. तिनं माझ्या पाठीवर बुक्क्या मारल्या, कान ओरबाडला. धुरा ओलांडला तेव्हा माझ्या पायांचा आवाज परत आला. नंदकिशोर सर डोकं धरून बंडीपाशी बसले होते. गाडी निघून गेली होती.

घरात आणून दार लावलं आणि तेव्हा मी पहिल्यांदा बोललो. म्हटलं, "याडी, मी हाये. राजकुमार."

ती कोपऱ्यात सरकली, भिंतीला पाठ लागेपर्यंत.

"माह्या दोन्ही लेकरायले तिथं सोडून," ती म्हणाली, "तू मले कुठं घेऊन आला रे? कोणाचा हायेस तू?"